बरे होऊन घरी गेलेले

विलासच्या शोकसभेत ‘शस्त्रक्रिया तर यशस्वीच झाली होती’ हे वाक्य ऐकलं आणि मला शिसारी आली. महिना होत आला, ती जात नाही… म्हणून हे लिहायला बसले.

विलास पोटाचा सर्जन, मी भूल देणारी. नागपुरातच एकत्र शिकलो आणि पुढची सगळी वर्षं एकाच रुग्णालयात काढली. टेबलावरच्या हिरव्या पडद्याच्या अलीकडे मी, पलीकडे तो. स्वादुपिंड म्हणजे त्याचा ध्यास. मोठा चिवट अवयव असेल असं वाटतं, पण असतो लोण्यासारखा मऊ, टाका धरत नाही. गाठ काढली की उरलेला भाग आतड्याला जोडायचा आणि तो सांधा गळला की पाचकरस माणसालाच आतून पचवू लागतो. म्हणून गळणारा रस बाहेर यावा यासाठी पोटात नळी ठेवतात, तिच्या टोकाला पिशवी. सकाळच्या फेरीत विलास आधी वाकून त्या पिशवीकडे बघायचा, मग रुग्णाच्या तोंडाकडे. वाटेत जुना रुग्ण भेटला तरी पहिला प्रश्न ठरलेला, “पिशवी निघाली का?”

टाके घालण्याच्या एका नव्या पद्धतीनं ही गळती कमी होते का, याचा अभ्यास त्यानंच सुरू केला. कागदावर नवी पद्धत जिंकत होती. पण आमच्याकडे रीतच अशी की रुग्ण घरी गेला म्हणजे बरा झाला. मग तो पोटाला पिशवी लावून का जाईना! विलास अशाच एकाला बघायला जरीपटक्याला त्याच्या घरी गेला आणि तिथून तणतणत आला. “बरा झाला म्हणे! कातडी जळाली वं त्याची. अंगात सदरा घालता येऊन नाही राहिला त्याले.” घरी गेलेल्यांच्या पिशव्याही गळतीत मोजा, असा त्यानं हट्ट धरला. विभागप्रमुख हसले. म्हणाले, “पद्धत आपल्या नावानं ओळखली जाणार आहे, आणि तू पिशव्या काय मोजत बसतोस?” विलासनं अभ्यासातून अंग काढून घेतलं. प्रमुख मात्र सभासंमेलनांतून शाली पांघरत फिरले. निर्लज्जपणा याहून वेगळा काय असतो?

विलास निवृत्त झाला आणि त्याच्याच स्वादुपिंडात गाठ निघाली. मुंबईला जा म्हटलं, तर ऐकेना. शस्त्रक्रिया इथेच करून घेणार, आणि अभ्यासात रुग्ण म्हणून नावही घालणार! मी चिडलेच, “डोकं फिरलंय का तुझं?”

“काहून? अनोळखी लोकायच्या पिशव्या त्यायनं सोडल्या. माझी कशी सोडतील? एक मोजली तर बाकीच्याही मोजाव्या लागतील.”

सांधा गळला. पिशवीसकट त्याला प्रताप नगरच्या घरी पाठवलं. सुनंदानं, त्याच्या बायकोनं, पलंगाशेजारच्या टॉवेलच्या खुंटीला ती पिशवी अडकवली. मी संध्याकाळी गेले की तो क्षीण आवाजात विचारायचा, “मोजली का त्यायनं?” प्रमुखांना मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ते ‘बघू’ म्हणाले. ताप चढत गेला… आणि एका सकाळी सुनंदाचा फोन आला.

शोकसभेत प्रमुखांनी पडद्यावर तक्ता दाखवला आणि नव्या पद्धतीचं यश विलासला अर्पण केलं. मला राहवलं नाही. उभी राहून विचारलं, “सर, यात विलास कुठल्या रकान्यात आहे?”

त्यांनी माइक थोडा बाजूला केला. “शस्त्रक्रिया तर यशस्वीच झाली होती. नियमाप्रमाणे… बरे होऊन घरी गेलेल्यांत.”

ज्यांना त्यानं शिकवलं, ते माना खाली घालून बसले. मग समोसे आले आणि लोक तिकडे वळले. मी तशीच बाहेर पडले.

काल सुनंदाकडे गेले होते. पलंग आवरलेला होता, खुंटी रिकामी. तिच्याकडे बघता बघता माझ्या तोंडून निघून गेलं, “पिशवी…”

“निघाली वं,” सुनंदा म्हणाली. “शेवटची आंघोळ घालताना मीच काढली.”