एका मशीनचं पाणी

धरणावर ज्युनियर इंजिनीअर म्हणून माझी पहिली नेमणूक झाली, तेव्हा मानवतला आमच्या गल्लीत एकच प्रश्न होता: ही पोरगी तिथं करणार काय? पाणी तर आपोआप वाहतं की! माझं डोकं लवकर तापतं. मी म्हणायचे, आपोआप वाहत असतं तर सरकारनं मला तिथं बसवलंच कशाला असतं? पाणी कधी सोडायचं, किती सोडायचं आणि खाली नदीत ते कुठवर चढेल, हे बघायचं माझं काम. धरणाच्या पायथ्याशी वीजघर आणि त्यात दोन मशीन. पाणी मशीन फिरवतं, वीज होते आणि ते नदीत पडतं. एक मशीन चाललं की नदी शहाण्यासारखी वाहते. दोन्ही चालली की अंगावर येते.

खालच्या गावात एक भोई जोडपं होतं. काका आणि काकू. पावसाळाभर मासेमारी, आणि नदी उतरली की वाळूत टरबुजाची वाडी. दर संक्रांतीला दोघं नारळ घेऊन आमच्या ऑफिसात यायची आणि विचारायची, "औंदा कुठवर?" मग आमचे गेटवाले मामा नदीत जाऊन वाळूवर चुन्याची रेघ ओढायचे. दोन्ही मशीन चालली तरी पाणी या रेघेवर येणार नाही, असा तिचा अर्थ. ती रेघ कुठल्याही जीआरमध्ये नव्हती, पण त्या गावात जीआरपेक्षा तिलाच जास्त मान होता.

दिवाळीत मामा रिटायर झाले. रेघ माझ्याकडे आली. त्याआधीची काही वर्षं धरणात पाणीच नव्हतं, त्यामुळे वाडीही नव्हती. आता धरण काठोकाठ भरलेलं, काका-काकू नव्या नवरा-नवरीसारखी खुशीत. मीही तोऱ्यात. रजिस्टर काढलं. दोन मशीनचं पाणी घाटावरच्या मोजपट्टीच्या खांबावर साडेतीन फुटांना टेकतं, अशी मामांची जुनी नोंद. मी मोजणीची दुर्बीण लावली, खांबावरचा साडेतीनचा आकडा धरून तीच उंची वाळूवर घेतली आणि झोकात रेघ ओढली. काकूंनी रेघेला हळदीकुंकू वाहिलं. मी फोटोसुद्धा काढून घेतला.

संक्रांतीपासून वीजघर बंदच होतं. एप्रिलात एका मशीनची दुरुस्ती झाली आणि सकाळी दोन तास चाचणी ठरली. एका मशीनचं पाणी खांबावर दोनला यायला पाहिजे. मी घाटावर जाऊन बघते तर अडीच! तिथूनच वीजघरात फोन लावला.

"किती मशीन चालवताय?"

"एकच, म्याडम," ऑपरेटर म्हणाले.

"मला येड्यात काढता का? पाणी अडीचला आलंय!"

"आईच्यान एकच हाय. तुमीच येऊन बघा की."

मी आणखी चार शब्द सुनावले आणि फोन ठेवला. मग खांबाकडे नीट पाहिलं. खांबाच्या डोक्यावर सुरेख ॐ होता, त्याखाली गुलाबी कमळ. आमच्या खांबावर कमळ कुठून आलं?

घाटावरच्या पुजाऱ्यांनी अभिमानानं सांगितलं. मार्गशीर्षातल्या जत्रेआधी गावानं महादेवाचं देऊळ, पायऱ्या, कठडा, सगळ्याला चुना मारला. त्या भरात आमचा खांबही पांढरा झाला. सरकारी आकडे पुसले म्हणून गाव घाबरलं आणि गावातल्याच पेंटरकडून ते पुन्हा काढून घेतले. पेंटरनं मोठ्या भक्तीनं आधी वर ॐ आणि कमळ काढलं. मग त्यांच्याखाली जागा उरली तिथून आकडे. म्हणजे सगळे आकडे अर्धा फूट खाली सरकलेले! "पहिल्यापेक्षा झकास झालंय का न्हाई?" पुजारी म्हणाले. मला रडावं की हसावं कळेना.

खांबावर अर्धा फूट म्हणजे नदीच्या उतरत्या वाळूत वीस पावलं. माझी रेघ वीस पावलं खाली होती, आणि त्या वीस पावलांत काका-काकूंची अर्धी वाडी होती. टरबुजं डोक्याएवढी झालेली, तोडणीला आठ-दहा दिवस बाकी. आणि माझ्या टेबलावर हुकूम पडलेला: चार दिवसांनी दोन्ही मशीन चालू करून तीन दिवस पाणी सोडायचं, पालमकडच्या गावांच्या पिण्यासाठी. टरबुजाच्या मुळाशी एक दिवस पाणी थांबलं की वेल गेलाच.

पेंटरवर रागवायला मला फार आवडलं असतं. पण खांबावर कमळ आहे हे बघूनही संक्रांतीला ज्या बाईला शंका आली नाही, ती मीच होते. फोटोत सुद्धा ते कमळ स्पष्ट दिसत होतं.

मी सरळ वाडीत गेले. काका वेलांखाली पाचट सारत होते, काकू भाकरी बांधत होत्या. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं, रेघ चुकली, चूक माझी आहे. काकांनी हातातलं पाचट खाली ठेवलं. मग काकूंना म्हणाले, "आगं, सरकारची चूक आजवर आपल्यालाच शोधत जावं लागायचं. ही स्वतः चालत आलीय बघ." काकू हसल्या नाहीत. म्हणाल्या, "ते ऱ्हाऊ दे. आता काय करायचं, माय?"

उपाय रस्त्यातच सुचला होता. दोन मशीन तीन दिवस, तेवढंच पाणी एका मशीननं सहा दिवसांत जातं. नदी कमी चढते. फक्त सुरुवात तीन दिवस आधी, म्हणजे उद्या सकाळी करावी लागेल. परभणीला मोठ्या साहेबांना फोन केला. ते इतके ओरडले की मी फोन कानापासून लांब धरला आणि वाडीतल्या काकांनाही सगळं ऐकू गेलं. "वर काय सांगू मी? जत्रेत चुना लागला म्हणून सांगू?" मी म्हटलं, "पाणी ठरल्या तारखेला पालमकडं पोचेल, साहेब. नाही पोचलं तर मला कुठंही फेका." ते म्हणाले, "लेखी द्या." दिलं. वीजघराचे ऑपरेटर सकाळच्या शिव्या विसरले नव्हते. "पाणी तुमचं, वीज आमची. पाणी सुटलं की आमाला संध्याकाळी दोन्ही मशीन लागतात," म्हणाले. मी माफी मागितली. माझ्या घरचे लोक यावर विश्वास ठेवणार नाहीत, पण मागितली. तेव्हा कुठं त्यांनी त्यांच्या वरच्यांना विचारून होकार कळवला.

आता अडचण अशी की सहा दिवस सलग एक मशीन आजवर कुणी चालवलंच नव्हतं. वाडीच्या खालच्या अंगाला असलेल्या बंधाऱ्यात पाणी तुंबून मागं चढत येणार, पण किती, हे रजिस्टरात नव्हतं. खांबावर माझा भरवसा उरला नव्हता. काका म्हणाले, "मी हाय की." वाडीच्या पहिल्या रांगेखाली वाळूत एक दगड होता. त्यावर उभं राहून ते दर तासाला फोन करायला लागले.

"म्याडम, टाच."

दुसऱ्या दिवशी, "घोटा." तिसऱ्या दिवशी, "पोटरी लागायलीय." गुडघा आला की पहिली रांग गेली, हे आम्ही ठरवलेलं. मी रजिस्टरात टाच, घोटा असंच लिहीत होते. नंतर साहेबांनी त्यावर लाल शाईनं गोल केला, ते वेगळं.

पाचव्या दिवशी सकाळी काकांचा आवाज बदलला होता. "म्याडम, गुडघ्याखाली चार बोटं ऱ्हायलीत. अन् चढायलंय." मी स्कूटरला किक मारली आणि बंधाऱ्यावर गेले. पाणी अडवणाऱ्या लाकडी फळ्या काढल्या की तुंबारा कमी होणार, आणि पाणी जायचं होतं ते पालमकडंच. साहेबांना फोनवर विचारलं, ते म्हणाले, "आता तेवढं तरी का ठेवता! काढा!" बंधाऱ्याचा चौकीदार म्हणाला, फळ्या फुगल्यात, निघायच्या न्हाईत. "निघत कशा न्हाईत!" म्हणून मी ओढणी कमरेला खोचली. तो, त्याची बायको आणि मी, तिघांनी दोरखंड लावून ओढल्या. पहिली फळी निघाली तेव्हा आम्ही तिघांनीही चिखलात बसकण मारली. एकूण चार निघाल्या. हाताची सालटं निघाली. मग मी बंधाऱ्यावरच फोन हातात घेऊन बसले.

बारा वाजता, "तीन बोटं." एक वाजता, "तीनच." दोन वाजता फोनच आला नाही. मी लावला तर बंद. माझ्या डोळ्यांसमोर तरंगणारी टरबुजं. चौकीदाराच्या बायकोनं भाकरी पुढं केली, ती मी तशीच ठेवली. देवाला काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

तीनला फोन वाजला.

"काका, कुठं होतात? फोन का बंद होता? जीव जायची वेळ आली माझी!"

"वरडू नका, म्याडम. चार्जिंग संपलं हुतं. देवळात लावून आणलं." मग म्हणाले, "पाणी उतरायलंय. आता पाच बोटं हायेत. पहिली रांग कोरडी हाय."

मला रडू फुटलं. चौकीदारासमोर, त्याच्या बायकोसमोर, हमसून हमसून. काका पलीकडून "हॅलो, हॅलो" करत होते. मग फोन काकूंनी घेतला.

"रडायलीस काहून, माय? वाडी हाय जाग्यावर," त्या म्हणाल्या. "आमची दोघांची एकच काळजी चाललीय पाच दिवस झाले. तिकडं ती पोर जेवायलीय का न्हाई?"