वरचा मजला बाबूजींचा

घरात कोंबड्या आणायच्या असं मी जाहीर केलं, तेव्हा माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे बाबूजींनी, तोंडासमोरचा पेपर खाली न घेताच विचारलं, "पाळायच्या की कापायच्या?"

"पाळायच्या. अंड्यांसाठी."

"अंडी कोण खाणार?"

"मी," मी म्हटलं. नवऱ्याने नेमका तेव्हाच पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. बस स्टँडजवळच्या गाडीवर तो कित्येक वर्षं ऑम्लेट खातोय हे मला माहीत होतं. बाबूजींनाही माहीत असावं, पण आमच्या घरात त्याचा उच्चार कधी झाला नव्हता.

"भांडं वेगळं ठेव," बाबूजी म्हणाले. "आणि मला त्यातलं काही सांगायचं नाही, काही दाखवायचं नाही." पेपरचं पान उलटलं. विषय संपला.

इतक्या सहज परवानगी मिळाली याचं खरं तर मला वाईटच वाटलं. वर्षभरापूर्वीचे बाबूजी असते तर तासभर भांडले असते आणि शेवटी चहा मागितला असता.

बाबूजी गच्चीवर बाग करायचे. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून सकाळभर ते वरच असत. खाली यायचे ते हातात भाजीची जुडी आणि तोंडात माकडांबद्दलची तक्रार घेऊन. मग गुडघे गेले. ऑपरेशन झालं, चांगलं झालं, पण डॉक्टरांनी जिना कायमचा बंद केला. संध्याकाळचं तापीवरच्या राजघाटापर्यंतचं फिरणंही सुटलं. वरच्या कुंड्या त्या उन्हाळ्यात एकेक करून वाळल्या. नवरा एकदा म्हणाला, कुणाला तरी देऊन टाकू. तेव्हा बाबूजी एवढंच बोलले, "माझ्या कुंड्यांना हात लावायचा नाही." तेव्हापासून गच्चीवर वाळक्या काड्यांची रांग आणि खाली पेपर वाचणारे बाबूजी, असं चाललं होतं.

माझं म्हणाल तर मुलगी शिकायला इंदूरला गेली होती. माझी शाळा दुपारीच सुटते. घरी आले की घर इतकं गप्प, की फ्रिजची घरघर ऐकू यायची. माझं माहेर जसोंडीचं. केळीच्या बागेला लागून घर, आणि खळ्यात दिवसभर कोंबड्यांची बडबड. तो आवाज मला हवा होता. धाकट्या भावाला फोन केला तर तो म्हणाला, "ताई, चार कोंबड्या देतो, वर एक कोंबडा देतो. पण आधी खुराडं बांध. नाहीतर तुमच्या गल्लीतली मांजरं पहिल्याच दिवशी पार्टी करतील."

आमच्या परसात खुराड्याला जागा एकच होती, मागच्या भिंतीलगत. तिथे दुपारपासून सरळ ऊन. वेल्डरला बोलावलं तर तो म्हणाला, "ऊपर पत्रा डालो मॅडम, बीस साल टेंशन नहीं."

"और मुर्गियाँ?"

"मुर्गियों का क्या?" त्याने हा विचारच केला नव्हता.

एप्रिल-मेमध्ये आमच्या बुऱ्हानपुरात पत्र्याखाली माणूस बसत नाही, कोंबडी काय बसणार? मग मोबाइलवर एक व्हिडिओ सापडला. कुठल्या तरी लांबच्या गावात एका बाईने खुराड्याच्या छपरावर माती घालून भाजी लावली होती. वर हिरवळ, खाली गारवा. मी तो नवऱ्याला दाखवला.

"म्हणजे खाली अंडी आणि वर कोथिंबीर," तो म्हणाला. "फक्त कांदा बाहेरून आणायचा."

पलीकडच्या खोलीतून बाबूजी खाकरले.

वेल्डरने भंगारात निघालेल्या पावरलूमचे लोखंडी अँगल आणले. मला आत उभं राहून झाडता येईल असं उंच खुराडं हवं होतं, पण अँगल निघाले आखूड. "इतना ही बनेगा," तो म्हणाला, आणि तितकंच बनलं. छप्पर माझ्या कमरेच्या जरा वर. साफसफाई करायची तर ओणवं होऊन अर्धं आत शिरायचं. मी आठवडाभर धुसफुसत होते.

छपराला थोडा उतार दिला. पत्र्यावर नवऱ्याने कुठून तरी मिळवलेला जुना फ्लेक्स अंथरला, कुणाच्या तरी वाढदिवसाचा. दहा-बारा शुभेच्छुक पत्र्याला तोंड लावून झोपले. चारी बाजूंनी फळ्या ठोकल्या, खालच्या अंगाला पाणी जायला नळीचा तुकडा बसवला. त्यावर विटांचे बारीक तुकडे, त्यावर माझी एक जुनी सुती साडी, आणि वर माती. माती भावाने आणली. कोंबड्यांबरोबर पिकअपमधून काळ्याभोर मातीची पोती उतरली तेव्हा मला इतका आनंद झाला, की कोंबड्यांकडे मी नंतरच पाहिलं.

संक्रांत होऊन गेली होती. मी मेथी पेरली आणि दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर पाइप लावून मन भरेपर्यंत पाणी घातलं.

"सूनबाई! छप्पर बसतंय!"

बाबूजी मागच्या दारात उभे होते. मी वळून पाहिलं तर पत्र्याला मधोमध पोट सुटलं होतं. आतून कोंबड्यांचा आरडाओरडा, कडेने चिखलाचं पाणी. मी दोन्ही हात पत्र्याखाली घालून उभी राहिले, नवरा जेवणाचं ताट सोडून धावत आला आणि त्याने आत एक स्टूल सरकवलं. तेवढ्यात बाबूजी काठी टेकत पायरी उतरून खाली आले. ऑपरेशननंतर ते परसात पहिल्यांदाच आले होते, हे आमच्या नंतर लक्षात आलं.

त्यांनी चिमूटभर माती उचलली. "काळी माती कुणी टाकली?"

"माझ्या माहेरची आहे."

"माहेरची असली म्हणून वजन कमी होतं का? पाणी पिऊन फुगते ही. शेतात सोनं, पण छपरावर दगड." मग मान वर करून गच्चीच्या कठड्याकडे पाहत राहिले. "वरच्या कुंड्या उतरवा," ते म्हणाले. "ती माती हलकी आहे. इतकी वर्षं बनवलीय मी. पाचोळा, शेणखत, नारळाच्या शेंड्या."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"बघता काय? उतरवा."

रविवारी आम्ही कुंड्या उतरवल्या. बाबूजी परसात खुर्ची टाकून बसले, समोर जुनी चादर. आम्ही कुंडी उपडी करायची, त्यांनी ढेकूळ हाताने फोडायचं, मुळं वेचून बाजूला ठेवायची. वाळक्या काडीवरून त्यांना सगळं ओळखू येत होतं. "हे वांगं. हा टमाटा, याला एकदाही कीड नाही लागली. ही मिरची, तुझ्या सासूबाईंनी लावलेली." मला वाटलं होतं त्यांना जड जाईल. पण एका मोठ्या कुंडीच्या तळाशी ओलसर मातीत गांडूळ निघालं, आणि ते तळहातावर घेऊन ते नवऱ्याला दाखवत सुटले, "बघ, जिवंत आहे! सालभर कुणी पाणी घातलं नाही, तरी जिवंत आहे!"

वेल्डरने मधे आणखी दोन अँगल लावले. काळी माती लिंबाच्या झाडाला गेली. आणि हलकी माती छपरावर पसरल्यावर बाबूजी पुढे झाले. एक हात फळीच्या काठावर टेकवला, दुसऱ्याने बी टाकायला लागले. वाकायला नको, चढायला नको. या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं हाताच्या अंतरावर.

"उंची बरोबर घेतलीस," ते मला म्हणाले.

अँगल आखूड निघाले होते हे मी त्यांना सांगितलं नाही.

त्या दिवसापासून वाटणी झाली. "खालचा मजला तुझा, वरचा माझा," असं त्यांनीच ठरवलं. कोंबड्यांना मात्र वाटणी कळेना. संध्याकाळी मोकळ्या सोडल्या की त्या उडून थेट वर जायच्या आणि कोवळी मेथी फस्त करायच्या. बाबूजींनी भावाकडून शेतातल्या ड्रिपच्या टाकाऊ नळ्या मागवल्या, त्या कमानीसारख्या वाकवून वर हिरवी जाळी ओढली, आणि काठी घेऊन पहाऱ्याला बसले. कोंबड्यांशी ते हिंदीत बोलायचे.

"चलो, नीचे उतरो. तुम्हारे बाप का खेत है क्या?"

नवऱ्याला त्याची फार गंमत वाटे. "बाबूजी, घरात आपण मराठी बोलतो, मग यांच्याशी हिंदी का?"

"चाळीस वर्षं नोकरीत ज्याला ज्याला रागावलो, हिंदीतच रागावलो," बाबूजी म्हणाले. "आता सवय कशी जाणार?"

पेपर आता दुपारी उघडला जाऊ लागला, कधी कधी उघडलाच जात नसे. मेथी झाली, कोथिंबीर झाली. ऊन चढल्यावर ती काढून त्यांनी एका बाजूला पुदिना आणि दुसऱ्या बाजूला गवती चहा लावला. मे महिन्यात परसातली फरशी पायाला भाजायची. अशाच एका दुपारी ते खुराड्याच्या दारातून हात आत घालून उभे दिसले. मला हाक मारली. "इथे हात लाव. पत्र्याला. खालून." मी लावला. पत्रा माठासारखा गार होता. खाली कोंबड्या पाय पसरून निवांत पडल्या होत्या. "तुझ्या मजल्याचं बरं चाललंय," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद काही लपत नव्हता.

त्याच सुमारास काळी कोंबडी नाहीशी झाली.

संध्याकाळी मोजताना एक कमी भरली. लिंबाखाली, पाण्याच्या टाकीमागे, शेजाऱ्यांच्या परसात, सगळीकडे शोधलं. एक पीसही सापडलं नाही. नवरा म्हणाला, मुंगूस असेल. मी जेवले नाही. पाचांतली तीच एक माझ्या हाताखाली येऊन बसायची.

बाबूजी ताटावर शांतपणे म्हणाले, "येईल."

"मुंगसाने नेलेली कोंबडी परत येते का कुठे?"

"मुंगसाने नेली हे कुणी पाहिलंय?"

पुढचे काही दिवस ते जरा विचित्रच वागत होते, पण माझ्या ते लक्षात यायला वेळ लागला. मी चटणीला पुदिना आणायला निघाले की ते म्हणत, "मी देतो, तू राहू दे." गवती चहाच्या बाजूला त्यांनी मोठी टोपली पालथी घातली. विचारलं तर म्हणे, कोवळ्या रोपांना ऊन लागतं. सकाळी वाटीत ज्वारी आणि मातीच्या पसरट भांड्यात पाणी घेऊन जायचे. मला वाटलं, चिमण्यांना ठेवत असतील.

तीनेक आठवडे गेले असतील. शाळेला सुट्टी लागली होती. मी ओट्याशी पोळ्या लाटत होते आणि परसातून हाक आली. या वेळी "सूनबाई" नाही, नुसतं, "अगं ये! लवकर ये!"

मी लाटणं हातात घेऊनच गेले. टोपली उचललेली होती. गवती चहाच्या दाट पात्यांमध्ये जाळीखालून शिरलेली माझी काळी कोंबडी अंग फुगवून बसली होती, आणि तिच्या पंखाखालून एक पिवळं-तपकिरी डोकं बाहेर येऊन पुन्हा आत गेलं. मग दुसरं आलं.

मला रडू आलं आणि रागही आला. "बाबूजी, तुम्हाला माहीत होतं! मी इतकी शोधत होते. सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तू अंडी उचलली असतीस."

मी उचललीच असती.

आता प्रश्न पिल्लं खाली आणायचा. वर राहिली असती तर एखादं फळीवरून पडलं असतं, आणि मांजरांना बातमी लागायला वेळ लागत नाही. मी कोंबडीला धरलं, तर ती माझ्या मनगटाला चोच मारू लागली. नवरा आंघोळीला गेला होता. पिल्लं गवतात इकडेतिकडे पळाली.

बाबूजींनी आजवर कोंबडीला बोट लावलं नव्हतं. त्यांनी काठी भिंतीला टेकवली, धोतराचा सोगा खोचला आणि दोन्ही हात गवतात घातले. एक पिल्लू ओंजळीत आलं. ते त्यांनी क्षणभर तसंच धरून ठेवलं. "केवढं धडधडतंय," ते हळूच मराठीत म्हणाले. मग टोपलीत ठेवलं आणि पुढच्याच्या मागे लागले. एक पुदिन्यात दडून बसलं होतं, त्याच्यासाठी त्यांनी निम्मा पुदिना मुळासकट उपटला.

नऊ पिल्लं खाली आली. मग त्यांनी नळावर साबणाने दोनदा हात धुतले, आंघोळ केली आणि नेहमीपेक्षा उशिरा देवासमोर बसले. नवरा बाहेर येऊन विचारू लागला, काय झालं, आरडाओरडा कसला? मी त्याला टोपली दाखवली.

सगळी जगली नाहीत. दोन पहिल्या पावसाळी गारठ्यात गेली, एकाला मांजराने पळवलं. त्या दिवशी बाबूजींनी मांजराला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. बाकीची सहा आता दांडगी झाली आहेत. त्यांतले तीन कोंबडे निघाल्यामुळे पहाटे गल्लीत कुणालाच झोप नाही, म्हणून दोन कोंबडे भाऊ या आठवड्यात न्यायला येतोय. तिसरा कुठला ठेवायचा यावर घरात वाद चालू आहे.

पुदिना उपटला त्या जागी बाबूजींनी गवार लावली. तिला शेंगा धरल्या आहेत. आज सकाळी त्यांनी पहिली मूठभर तोडून माझ्या ओट्यावर आणून ठेवली आणि म्हणाले, "जरा तिखट कर."