लांजीच्या शिबिरातला दोर

"अब आइए, हमारे लांजीवाले डॉक्टर साहब!"

टाळ्या पडल्या. मी उठलो. हसतच उठलो.

बालाघाट जिल्ह्यातल्या लांजीच्या शाळेचा ओटा. गॅसबत्तीचा उजेड. आमच्या मेडिकल कॉलेजचं आरोग्य शिबिर संपत आलं होतं, आणि शेवटच्या संध्याकाळी फिशपाँड होता. एकेकाला पुढं बोलवायचं, त्याच्यावर कोणीतरी लिहिलेली टोमण्याची चिठ्ठी मोठ्यानं वाचायची, सोबत एक वस्तू भेट द्यायची. भेट घेऊन थँक्यू म्हणायचं. रागवायचं नाही. माझ्या आधी एका जाड्या मुलाला दुधाची बाटली मिळाली होती. तोही हसला होता.

मला वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं मिळालं. सोडलं. आत दोर. अंबाडीचा, जाड, मळलेला.

पुडकं देणाऱ्या वर्गमित्रानं चिठ्ठी वाचली. "डॉक्टर साहब, मरीज बच गया तो दवा देना। मर गया तो यह रस्सी है। खींचना तो खानदानी हुनर है।"

ओटा हसला. खुर्चीवरचे आमचे सर हसले. त्यांच्या शेजारी मालगुजार, गावचा जमीनदार, बसला होता, शिबिराला तांदूळ त्याच्याच घरचा. तो पोटावर हात ठेवून हसला. खाली मैदानात बसलेलं गावही हसलं. त्यांना चिठ्ठी समजवून सांगायची गरज नव्हती.

माझ्या तोंडून थँक्यू निघून गेलं.

मग मला बा दिसला. मैदानाच्या मागच्या टोकाला, धुतलेल्या धोतरात. पोरगा पांढऱ्या कोटात कसा दिसतो ते पाहायला तो आमच्या पाड्यावरून चालत आला होता.

तो दोर कशाचा, हे सांगितलं पाहिजे. गावात कोणाचंही ढोर मेलं की ते ओढून न्यायचं काम आमचं. बाचं, त्याच्या बापाचं, त्याच्याही बापाचं. ज्या वर्षी आम्ही बुद्धाचा धम्म घेतला, त्या वर्षी बानं पंचायतीसमोर दोर टाकला. "आजपासून नाही," एवढंच बोलला. त्यानंतर मालगुजाराचा बैल मेला. तो गोठ्यामागं सडला. मग आमची विहीर बंद झाली. दुकानदार मीठ देईना. धानाच्या कापणीला कोणी बोलवेना. माय नदीवरून पाणी आणायची आणि वाटेत पोरं तिच्या घागरीत चिखल टाकायची. मी लहान होतो. मी बाला म्हणालो होतो, एक बैल ओढला असता तर काय झालं असतं? बानं मला मारलं नाही. नुसतं पाहिलं.

चिठ्ठी वाचणारा तो वर्गमित्र फिशपाँडच्या दुपारी मालगुजाराकडं जेवला होता. सगळेच जेवले होते. मला बोलावणं नव्हतं. दोराची गोष्ट त्याला तिथंच कळली असणार.

मी ओट्यावरून उतरलो. बा रस्त्याला लागला होता.

"बा, थांब नं."

तो वळला. माझ्या तोंडाकडं नाही, हाताकडं पाहिलं. दोर माझ्या हातातच होता.

"थट्टा होते बा. सगळ्यायलेच देतेत काही नं काही."

"मले हिंदी समजते," बा म्हणाला.

मी दोर पाठीमागं धरला.

"म्या टाकला होता थो. तुवा काहून घेतला?"

एवढं बोलून तो चालू लागला. मागं वळून पाहिलं नाही.

मी परत गेलो. ओट्यावर दुसऱ्या कोणाची तरी चिठ्ठी चालू होती. मी मधेच चढलो. दोर सरांच्या आणि मालगुजाराच्या खुर्च्यांपुढं टाकला. कॉलेजात मी कधी माझी बोली बोललो नव्हतो. त्या दिवशी बोललो.

"हा दोर माह्या बापानं याच गावात टाकला हाय. म्या नाही उचलत. ज्यानं आणला त्यानं उचलावा."

"बैठ जाओ," सर म्हणाले. "मजाक है।"

"मजाक असन तं तुमीच उचला नं सर."

कोणी हसलं नाही. कोणी उचललाही नाही. मालगुजार उठून गेला. त्याच्यामागं गावही पांगलं.

सकाळी सरांनी बोलावलं. वर्गमित्र तिथंच होता, खाली मान घालून. सरांचा आवाज मऊ होता. "यजमान नाराज आहेत. माफी लिहून दे, विषय संपला. नाहीतर शिबिराची हजेरी देता येणार नाही. सत्र जाईल."

"चिठ्ठी लिहिणाऱ्याची हजेरी देणार का?" मी विचारलं.

"तो मुलांचा खेळ होता."

"मग माझं सत्र जाऊ द्या."

गेलं. माझी बॅच पुढं गेली, मी मागं राहिलो. वसतिगृहात कोणी माझ्या ताटाशेजारी बसेना. कोणी मला भांडखोर म्हणालं, कोणी कृतघ्न. आमच्याच समाजातला एक जण हळूच म्हणाला, "सह लेना था यार, डिग्री तो मिल जाती।" सहन करून मिळणाऱ्या डिग्रीत पुढंही रोज सहनच करावं लागतं, हे मला तोवर कळलं होतं.

पुढच्या वर्षी शिबिरासाठी गावं विचारली. बालाघाटकडं जायला कोणी तयार नव्हतं. मी हात वर केला. लांजीच पाहिजे, म्हणालो. आणि तिथं मला पुकारायचं असेल तर नुसतं 'लांजीवाले डॉक्टर साहब' म्हणायचं नाही. माझं नाव बापाच्या नावासकट पुकारायचं. मालगुजार खुर्चीवर बसलेला असेल तेव्हा तर नक्कीच.