लाल गाडीवाली

लातसमीसारखी चिक्कू बाई आमच्या सवन्नाखेतच्या बाजारात दुसरी नाही. गिऱ्हाइकाने एक मिरची वर मागितली तर म्हणेल, "झाड तुझ्या सासऱ्याने लावलंय का?" मी शेवयांचं सूप विकते, शेजारी ती कच्च्या पपईची कोशिंबीर कुटते. डावखुरी आहे. मुसळ चालतं तशीच जीभ चालते. मुरवलेल्या माशाचा खार मात्र असा ओतते की नदीपलीकडे थायलंडात वास जावा. तेवढ्या एकाच बाबतीत सढळ.

अशा बाईने दुचाकी गाडी घेतली तर ती चिनी आणि सगळ्यात स्वस्त असणार, हे सांगायला ज्योतिषी नको. खोक्यातून सुटे भाग आले, दुकानदाराने जोडले आणि उरलेले दोन स्क्रू तिच्या हातावर ठेवले. "जास्तीचे आहेत," म्हणाला. काहीतरी वर मिळालं म्हणून ही खूश! गाडी डावीकडे वळली की हॉर्न आपोआप वाजायचा. तसल्याच लाल गाड्या गावात बऱ्याच होत्या, कुणाचीही किल्ली कुणालाही लागायची. पण हिची ऐट काय विचारता! सगळे तिला 'लाल गाडीवाली' म्हणायला लागले. तिची आईसुद्धा, कौतुकाने.

मग एके दिवशी पुलाच्या वळणावर ब्रेक लागलाच नाही. बाई आडवी. गुडघा तेवढा खरचटला, पण घरी आली ती गप्प. लातसमी आणि गप्प!

"जीव तिथेच राहिलाय तिचा," तिची आई म्हणाली. मी त्यांना मावशी म्हणते.

माणूस दचकून पडलं की त्याचा जीव आणायला जावं लागतं. मासे धरायच्या जाळ्यात भात, उकडलेलं अंडं आणि त्या माणसाचा सदरा ठेवायचा, पडल्या जागी हाक मारत जाळं फिरवायचं आणि वाटेत कुणाशी न बोलता घरी यायचं. दारात कुणीतरी विचारायला हवं. मावशी गेल्या, मी दारात थांबले.

"आली का?"

"आली," मावशी म्हणाल्या. आम्ही लातसमीला अंडं भरवलं, जीव परत निसटू नये म्हणून मनगटाला पांढरा दोरा बांधला.

दुसऱ्या दिवशी ती उजव्या हाताने कुटत होती. माशाचा खार नाही, वर साखर. गिऱ्हाइकाने मिरची मागितली तर मूठभर दिली. मला आधी हसू आलं. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "काकू, अजून आहेत, घ्या ना." वर्षानुवर्षं मला ताई म्हणणारी बाई!

बाजार उठल्यावर म्हणाली, "चला काकू, सोडते." बसले मागे. आमची गल्ली आली तरी ती वळली नाही. पुलावर हॉर्न वाजला, सरळ जात होतो तरी. पलीकडच्या गावात एका कुलूपबंद घरापुढे गाडी थांबवून ती दार वाजवायला लागली. "आई, मी आले. दार उघड ना."

आवाज लहान पोरीचा वाटत होता. शेजारची बाई बाहेर आली, गाडी बघून दोन पावलं मागे सरकली.

"इथली मुलगी गेल्या पावसाळ्यात पुलावर पडून गेली," ती म्हणाली. "अशीच गाडी होती. आईबाप तेव्हापासून थायलंडात मजुरीला आहेत."

"जीव आणायला गेलं होतं कुणी?"

"मेलेलीचा कोण आणतो, बाई?"

कशीबशी तिला घरी आणली. मावशींना विचारलं, "हाक काय मारलीत तुम्ही?"

"काय म्हणजे? ये गं लाल गाडीवाले, चल घरी..." आणि त्यांनी कपाळावर हात मारला. "अगं बाई! नावच घेतलं नाही गं मी!"

मी चांगली ओरडणार होते. पण त्या रडायला लागल्या. "माझी पोर अजून तिथंच उन्हात उभी असेल."

दुसऱ्या दुपारी मावशी परत जाळं घेऊन गेल्या. मी दारात, लातसमी आत चटईवर, भिंतीकडे तोंड करून बसलेली. मावशी आल्या तशी मी नाव घेऊनच विचारलं.

"लातसमी आली का?"

"माझ्या पोटची लातसमी आली."

लातसमीने डाव्या हाताने अंडं उचललं. "मीठ कुठाय? आणि आज धंदा बंद ठेवून कुणाचं लग्न करताय?" मला रडूच फुटलं.

तेवढ्यात अंगणात हॉर्न वाजला. गाडीजवळ कुणी नव्हतं. किल्ली मावशींच्या कमरेला होती. मग पायरीपाशी, मावशींच्या मागून, हळू आवाज आला.

"आणि मी?"

मी दाराची चौकट घट्ट धरली. बोलावून आणलेलीला जा कसं म्हणायचं? आणि ये म्हटलं, तर ती पुन्हा लातसमीच्या अंगात शिरली म्हणजे?

लातसमी लंगडत उठली. कुणाला एक मिरची फुकट न देणारी बाई ती. तबकातला पांढरा दोरा घेऊन अंगणात गेली आणि मागच्या सीटच्या दांडीला बांधला.

"मागे बस," ती म्हणाली. "तुझ्या दाराशी नेईन अधूनमधून. पण चालवणार मी."

हॉर्न पुन्हा वाजला नाही.

"ताई, बसा, घरी सोडते," असं ती मला अजूनही म्हणते. मी चालतच जाते. जागा कुठे आहे?