लायब्ररीबाईंचं सामाईक कपाट

लायब्ररीबाईंना काही विचारलं, की त्या उत्तर द्यायच्या नाहीत. "शोधा. मी इथेच बसले आहे," म्हणायच्या आणि खरोखरच हाताची घडी घालून आपल्याकडे बघत बसायच्या. आपल्याला सापडलं तर नुसती मान हलवायच्या. सापडलं नाही तर मात्र आपल्याला कधी बोलायच्या नाहीत. "म्हणजे मीच चुकीच्या जागी ठेवलंय," असं म्हणून लगेच दुरुस्तीला बसायच्या. चूक नेहमी ठेवणाऱ्याची, शोधणाऱ्याची कधीच नाही, हा त्यांचा कायदा. गेल्या महिन्यात बाई गेल्याचं कळलं आणि दिवसभर मला दुसरं काही सुचलं नाही.

हडपसरच्या आमच्या कारखान्यात मी लागलो तो नेटवर्क टाकायला. यवतमाळहून आलेला नवाकोरा इंजिनिअर, वर्षभराच्या प्रोबेशनवर. बाजार नुकता खुला झालेला, परदेशी गिऱ्हाइकं दारात येऊ लागलेली, आणि आमच्याकडची माहिती ज्याच्या त्याच्या खणात कुलूपबंद. सर्व्हर ठेवायला खोली हवी म्हणून कंपनीची लायब्ररी बंद करायचं ठरलं. मी मोजमाप घ्यायला गेलो, तर शनिवार पेठेतल्या या बाई टेबलामागून शांतपणे म्हणाल्या, "या. खोली घ्या. पण माझी खुर्ची हलणार नाही. तुमच्या त्या पेटीत माहितीच ठेवणार ना? मग ती लावायला कोणीतरी लागेलच." मला वाटलं, बाईंना काही समजलेलं नाही. समजलं नव्हतं ते मला, हे कळायला पंधरा दिवस लागले.

मी फायलींना मोठ्या शिस्तीत नावं दिली होती: खात्याचा क्रमांक, मशीनचा क्रमांक, वर्ष. बाईंनी यादी शेवटपर्यंत वाचली. "सुरेख. आता सांगा बोरकर, मशीन थरथरायला लागलं तर माणूस काय शोधेल? तुमचा क्रमांक, की 'थरथर'?" मग त्या स्वतः शॉपमध्ये, यंत्रं चालतात तिथे गेल्या, तेलकट फरशीवरून साडी सावरत फिरल्या आणि कामगार कोणत्या मशीनला काय म्हणतात ते लिहून घेऊन आल्या. कोपऱ्यातलं जुनं ग्राइंडिंग मशीन म्हणजे 'म्हातारी'. इंग्रजी अक्षरांत टाइप केलेलं ते नाव सर्व्हरवर अधिकृत क्रमांकाशेजारी दिमाखात बसलं. कॉम्प्युटरला हात लावायला घाबरणारे आमचे फोरमन 'म्हातारी' शोधू लागले, आणि त्यांना ती सापडूही लागली. सगळ्यांसाठी उघड्या असलेल्या त्या फायलींना बाई 'सामाईक कपाट' म्हणत. पुढे साहेबलोकही तेच म्हणू लागले.

समोरासमोर बसणाऱ्या दोघांनी एकमेकांना ईमेल पाठवलेली कळली, की "घसा बसलाय का?" म्हणून विचारायच्या. पण स्टोअर आणि तपासणी, वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड न बघणारी ही दोन खाती, एकाच फायलीत लिहायला लागली, तेव्हा त्यांनी मला कँटीनमध्ये नेऊन चहा पाजला. मी म्हटलं, "बाई, पण तिथेही ते भांडतायत." त्या म्हणाल्या, "भांडू देत हो. एका पानावर भांडतायत, हे काय कमी आहे?"

कपाटात एकच माणूस यायला तयार नव्हता. सपकाळ. वारज्याहून सायकल मारत येणारे आमचे जुने मेकॅनिक. म्हातारीची नस फक्त त्यांना ठाऊक. "समदं तुमच्या पेटीत घातल्यावर मला कोन इचारनार, बाई?" त्यांनी सरळच विचारलं. बाईंच्या कपाटात प्रत्येक पानाखाली, ते कोणी सांगितलं त्याचं नाव असायचं. त्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "तुमचं नाव राहील, आणि तुम्हीही राहाल. माझा शब्द." मग रोज जेवणाच्या सुट्टीत सपकाळ सांगत आणि बाई लिहीत.

सहा महिन्यांनी व्हीआरएसची, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीची, यादी लागली. त्यात स्वेच्छा कोणाची होती ते देव जाणे, पण सपकाळांचं नाव होतं. बाई तडक मॅनेजरसाहेबांकडे गेल्या. "त्यांची माहिती आता नेटवर्कवर आहेच की," साहेब म्हणाले, आणि वर, "तुमच्याच कृपेने."

परत आल्या त्या आपल्या खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "मी त्यांना शब्द दिला होता, बोरकर." एवढा अपमान झालेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सगळ्या खात्यांना त्यांची एका ओळीची ईमेल गेली. 'गेल्या काही दिवसांत सपकाळांना जे विचारावं लागलं आणि जे कपाटात सापडलं नाही, ते या पानावर लिहा.' दुपारपर्यंत पान भरू लागलं. तपासणीने लिहिलं, जॉबवर, म्हणजे तयार होणाऱ्या भागावर, ओरखडा कशाने पडतो ते कळेना, सपकाळांनी नख फिरवून सांगितलं. स्टोअरने लिहिलं, सारख्या दिसणाऱ्या दोन बेअरिंगांतलं नकली त्यांनी ओळखलं. ज्यांनी कधी कीबोर्डला हात लावला नव्हता, ते शेजाऱ्याकडून लिहवून घेत होते.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी मला बोलावलं. "ते पान काढून टाका. आजच." दोन कळा दाबायचं काम. मी बाईंसमोर जाऊन उभा राहिलो. त्या म्हणाल्या, "काढा. नोकरी तुमची आहे. फक्त आधी वाचा."

मी वाचलं. मग पानाची छापील प्रत काढली, शेवटी पेनाने माझी ओळ घातली: 'सर्व्हरच्या खोलीतला एसी माझ्या यंत्रांवर ठिबकत होता, ते सपकाळांनी थांबवलं. हे कोणत्याही फायलीत नाही.' ती प्रत साहेबांपुढे ठेवली. "साहेब, आधी वाचा. मग काढतो," मी म्हणालो. साहेब वाईट माणूस नव्हते, घाईतले होते. त्यांनी दोनदा वाचलं. "कपाटात कालच्या प्रश्नांची उत्तरं आहेत," ते हळूच म्हणाले, "हे सगळे प्रश्न उद्याचे आहेत. त्यांना सपकाळच लागतील." संध्याकाळी सपकाळांचं नाव यादीतून निघालं. पान मला काढावं लागलं नाही.

त्यानंतर मी पुष्कळ कंपन्यांत नेटवर्क टाकलं. वायर ओढणं सोपं असतं. माणूस आपल्या खणाचं कुलूप कधी उघडतो, ते मात्र मला बाईंनीच दाखवलं. यादी बदलली त्याच्या दुसऱ्या दिवशी सपकाळ न बोलावता आले, चपला बाहेर काढून बाईंसमोर बसले आणि म्हणाले, "लिवा. म्हातारीच्या मोठ्या बेअरिंगखाली एक पितळंची पातळ पट्टी हाय. मीच घातलीय, कुनाला न इचारता. कचरा म्हनून कुनी काढली, तर म्हातारी गेली."

बाईंनी कीबोर्डवरून मान वर केली. "अहो सपकाळ, सहा महिने रोज बसत होतात. हे तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तवा तुमी नुसता शब्द दिला व्हता, बाई," सपकाळ म्हणाले. "आता बगितलं."

बाईंना पुढे काही टाइप करवेना. उरलेलं मी केलं, आणि खाली सपकाळांचं नाव घातलं.