आपण घरीं कसें बोलतों

माफी मागूनच सुरुवात करतो. गोपूअण्णाबद्दल लिहिण्याचा पहिला हक्क त्याच्या आईचा, म्हणजे माझ्या आत्याचा आहे. तिला लिहायचं नाही. ती म्हणाली, "तूं कालेजांत शिकतोस, तूंच लिही." आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे असली कामं माझ्याकडेच येतात, जमोत न जमोत. दुसरी माफी भाषेची. कुंभकोणमजवळ तिरुविडैमरुदूरला आमची घरं आहेत. तंजावरच्या मराठी राजांबरोबर आमचे पूर्वज इकडे आले आणि इथलेच झाले. उंबऱ्याबाहेर आम्ही तमिळ बोलतो, उंबऱ्याच्या आत मराठी. पण ती मराठी इतकी जुनी आहे की तुमच्याकडच्या माणसांना ऐकून गंमत वाटते. ज्या मराठीत मी हे लिहितो आहे ती पुस्तकांवरून आणि फोनवरून शिकलेली आहे. अण्णाबद्दलचा लेख त्याच्या मराठीत असायला हवा होता... तेवढं धैर्य मला अजून आलेलं नाही.

गेल्या महिन्यात तो तापाने गेला. साधा ताप म्हणून घरी गोळ्या घेत राहिला, आणि मोठ्या दवाखान्यात नेईपर्यंत फार उशीर झाला होता. मी कोइमतूरच्या वसतिगृहात होतो. अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, फोन आला. "सेतू, गोपू गेला रे. तूं नीघ." मी निघालो, पण पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. आत्या ओट्यावर बसली होती. मला बघून म्हणाली, "जेवलास?" एवढंच.

अण्णा कुंभकोणमला एका भांड्यांच्या दुकानात नावं घालायचा. आमच्याकडे लग्नाचं, बारशाचं, कसलंही भांडं घेतलं की त्यावर नाव घातल्याशिवाय घरी नेत नाहीत. दुकानाच्या मागच्या बाजूला लहान खिडकीपाशी त्याचं स्टूल होतं. लोक चिठ्ठीवर नाव लिहून द्यायचे, तो लहानशा मशीनने पितळेवर किंवा स्टीलवर ठिपक्या-ठिपक्यांनी उमटवायचा, सुरेख वळणाची तमिळ अक्षरं. बोलायची वेळच यायची नाही, आणि ते त्याला फार सोयीचं होतं. दुकानाचे मालक म्हणायचे, "गोपूचं बोलणं मी भांड्यांवरच वाचतो." बसमधून येताना कंडक्टरला "थांबवा" म्हणावं लागू नये म्हणून तो कोणीतरी दुसरं उतरेपर्यंत बसून राहायचा, मग पुढच्या थांब्यावर उतरून चालत मागे यायचा. मी बरोबर असलो की मीच ओरडायचो आणि तो मान खाली घालून माझ्यामागून उतरायचा. एकदा घरचे त्याच्यासाठी मुलगी बघायला गेले, तेव्हा मुलीच्या मामांनी अप्पांना बाजूला घेऊन हळूच विचारलं, मुलगा मुका तर नाही ना. अप्पा घरी येऊन संतापले. अण्णा मात्र स्वयंपाकघरात पोट धरून हसत होता. तिथूनच अप्पांना म्हणाला, "मामा, मी बोललों असतों तर ते अधिक घाबरते."

कारण घरात तो असा होता. आत्याच्या आमटीची, अप्पांच्या घोरण्याची, माझ्या कॉलेजची थट्टा करणारा, एकदा सुरू झाला की न थांबणारा. त्याचा लाजाळूपणा उंबऱ्याबाहेर सुरू व्हायचा, जिथून तमिळ सुरू व्हायची तिथून. मला वाटायचं, बाहेरचं एखादं जग मराठीत असतं तर अण्णा त्यात कसा वागला असता?

असं एक जग मला फोनवर सापडलं होतं. महाराष्ट्रातल्या काही जणांनी मिळून चंद्रपेठ नावाचं एक गाव कल्पनेतून उभं केलं होतं. काळ जुना, नदीकाठ, बाजार, एक लहानशी गढी. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि ते पात्र बोलेल-वागेल तसं आळीपाळीने लिहीत जायचं. रोलप्ले म्हणतात त्याला. कोणी सोनार होतं, कोणी वैद्यीण, नाशिकचा एक मुलगा दारूडा शिपाई झाला होता. मी गढीवरचा कारकून. मराठी सुधारेल म्हणून मी त्यात शिरलो होतो. पहिल्याच दिवशी मी "मज ठाऊक नाहीं" असं लिहिलं आणि कोणीतरी हसरी तोंडं टाकून विचारलं, "हा कुठल्या नाटकातून पळून आला?" त्यात वाईट हेतू नव्हता. पण त्या दिवसापासून मी प्रत्येक वाक्य दोनदा तपासून मगच पाठवू लागलो, आणि हळूहळू माझ्या लिहिण्यातून आमचं घर पार पुसलं गेलं. गट चालवणाऱ्या वैशालीताई, कऱ्हाडकडे कुठेतरी शाळेत शिकवतात, मला म्हणाल्या, "सेतू, छान लिहायला लागलास." मला फार बरं वाटलं होतं.

पहिल्या वर्षाच्या सुट्टीत घरी आलो तेव्हा मी अण्णाला त्या गावात नेलं. दुपारी दुकान बंद असायचं. कावेरीत त्या दिवसांत पाणी नसतं, नुसती तापलेली वाळू. आम्ही दुकानामागच्या ओट्यावर सावलीत बसायचो. तो बोलायचा, मी टाईप करायचो. आधी मी त्याला बाजारातला वाटसरू केला. वाटसरू बाजारात उभा राहिला. कोणी त्याला काही विचारेना, तो कोणाला काही म्हणेना. आठवडाभर असंच चाललं. "मी उभाच आहें रे," अण्णा म्हणाला, "पाय दुखायास लागले." मी वैशालीताईंना विचारलं, लाजाळू पात्राला खेळात कसं ओढायचं? त्यांनी लिहिलं, "त्याला ओढू नकोस. त्याला असं काम दे की गावालाच त्याच्याकडे जावं लागेल." मी विचार केला आणि अण्णाला नदीवरचा होडीवाला केलं. चंद्रपेठेत यायचं-जायचं तर होडीशिवाय वाट नाही असं ठरलं. अण्णा जन्मात कधी होडीत बसला नव्हता.

सुरुवातीला तिथेही दोनच शब्द. "ये. बैस." आणि खरं सांगायचं तर, तो त्याहून जास्त बोलायचा, मीच ते कापायचो. त्याचं बोलणं मी "नीट" करून पाठवायचो. नीट केल्यावर त्यात काही उरायचंच नाही. मग एका दुपारी माझं डोकं दुखत होतं, आणि नाशिकचा शिपाई घाटावर येऊन ओरडत होता, "ए होडीवाल्या, सोड लवकर पलीकडे!" अण्णा बोलला आणि मी कंटाळून जसंच्या तसं लिहिलं: "हळू बैस, बाबा. होडी म्हातारी आहे, आणि तूंही कांहीं फूल नव्हेस. नांव काय तुझें? ह्या फळीवर कोरून ठेवतों. बुडलास तर ठावें असावें कोण बुडला तें."

गटात एकच हसणं उसळलं, पण यावेळचं हसणं वेगळं होतं. वैद्यीण काम नसताना पलीकडे निघाली. सोनार दोनदा जाऊन दोनदा परत आला. सगळ्यांना आपलं नाव फळीवर कोरून हवं होतं आणि अण्णाच्या तोंडून चार शब्द ऐकून घ्यायचे होते. अण्णाही खुलला. नदीकाठचे विड्याच्या पानांचे मळे, पाण्यावर येणारा भिजल्या गवताचा वास, हे सगळं त्याने आमच्या कावेरीवरून उचलून त्या नदीत नेऊन ठेवलं. त्याला देवनागरी टाईप करणं अवघड जायचं, म्हणून तो इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायला शिकला आणि मग माझी गरज उरली नाही. मालक मला तंबी म्हणायचे, म्हणजे धाकटा भाऊ. ते म्हणाले, "तंबी, हा फोनकडे बघून हसतो. लग्न ठरलं की काय?" मी अण्णाला इतक्या परक्या माणसांत इतका मोकळा आधी कधी पाहिला नव्हता... नंतरही पाहिला नाही. नंतरचं कारण मी आहे.

एका दुपारी वैशालीताईंनी पात्राबाहेर येऊन मलाच विचारलं, "सेतू, होडीवाल्याची ही मराठी कुठून आणली रे तुम्ही? ऐकून अंगावर काटा येतो. तुम्ही घरी असं बोलता का?" अण्णा माझ्या शेजारी ताक पीत बसला होता आणि माझ्या फोनमध्ये वाकून बघत होता. या प्रश्नाचं उत्तर 'हो' एवढंच होतं. पण मला पहिल्या दिवशीचं ते हसणं आठवलं. होडीवाल्याचं कौतुक होतं आहे ते पात्र म्हणून, असं मला वाटलं. आमचं घरच असं बोलतं हे कळलं की पुन्हा आपली गंमत होईल. इतके महिने मी नीट मराठीचा कारकून झालो होतो, तेही उघडं पडलं असतं. मी लिहिलं, "छे, घरी नाही. अण्णाने जुने कागद वाचून अभ्यास केला आहे पात्रासाठी." खाली लगेच टाळ्यांची रांग लागली. काय मेहनत, काय अभिनय.

अण्णाने पेला खाली ठेवला. "आपण घरीं कसें बोलतों रे मग?"

"तुला कळत नाही अण्णा. हसतील."

"आत्तां हांसत नाहींत की."

"पात्र आहे म्हणून हसत नाहीत."

त्याने पेला उचलला. मग म्हणाला, "बरें." आणि दुकान उघडायची वेळ झाली नव्हती तरी उठून आत गेला. मशीनची टकटक ऐकू येऊ लागली. त्यानंतर दुपारी तो ओट्यावर आला नाही. मी विचारलं नाही. सुट्टी संपली, मी परत गेलो, परीक्षा आल्या, आणि मी गट सोडला. गट सोडताना मला हलकं वाटलं, हेही इथे लिहून ठेवतो. मी धरून चाललो की अण्णाने माझ्याही आधी सोडला असणार. आईच्या तोंडची भाषा पहिल्यांदा बाहेर कोणाला आवडली, आणि त्याच्या घरच्याच माणसाने ती सोंग म्हणून सांगितली. त्यानंतर तो तिथे कशाला जाईल?

दीपावळीला घरी गेलो तेव्हा तो खिडकीपाशी फोन घेऊन बसला होता. मला बघताच त्याने फोन खिशात टाकला. मला वाटलं, माझा राग आहे. कितीदा तरी तोंडापर्यंत आलं, अण्णा, मी चुकलो. पण तो माझी थट्टा करत राहिला. "काय रे, कालेजांत हांसायास शिकवतात की नाहीं?" आणि मी हसून वेळ मारून नेली. निघताना त्याने मला एक ताट दिलं. वसतिगृहात ताटं हरवतात म्हणून काठावर माझं नाव घातलेलं होतं. मी आजही त्याच ताटात जेवतो. इतर भांड्यांवर तो तमिळ अक्षरं घालायचा, माझ्या ताटावर देवनागरी आहे. अक्षरं जराशी वाकडी आहेत, त्या लिपीची त्याच्या हाताला सवय नव्हती. घेताना मी ते नीट पाहिलंही नव्हतं. त्याचे दिवस उरकून वसतिगृहात परत आलो, ताट धुवायला घेतलं, अंगठा काठावरून फिरला, तेव्हा कळलं.

त्या दिवशी मी वैशालीताईंना लिहिलं. होडीवाला आता नाही, हे लिहिलं. मग लिहिलं की त्याने कसलेही जुने कागद वाचले नव्हते. तो आमच्या घरी बोलतो तसाच बोलत होता, आम्ही सगळेच तसे बोलतो, आणि मी तुमच्याशी खोटं बोललो. मला वाटलं होतं, त्याला न्याय मिळावा म्हणून मी हे करतो आहे. उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आलं, त्याच वेळी, जेव्हा दुकान बंद असायचं.

त्यांनी लिहिलं होतं: "सेतू, गेला महिनाभर घाटावर होडी बांधलेली आहे. आम्हाला वाटलं लग्नसराईची गर्दी असेल दुकानात. हे असं काही असेल असं मनातही आलं नाही... तुझ्या भाषेचं आम्हाला ठाऊक होतं रे. तू गट सोडलास त्याच आठवड्यात त्याने घाटावर सगळ्यांना बोलावून सांगितलं, हें माझें आईचें बोलणें आहे, मी कांहीं शिकलों नाहीं. त्यानंतर तो रोज दुपारी येत होता. नवं कोणी बुजरं माणूस आलं की आम्ही आधी त्याच्या होडीत बसवायचो. तुला कळवायला हवं असं मी त्याला किती वेळा म्हटलं. त्याने आम्हा सगळ्यांना शपथ घातली होती. त्याचं वाक्य अजून इथे आहे, तसंच पाठवते: सेतूस कोण्ही सांगूं नका. त्यास लाज वाटेल. ल्हान आहे तो."