गाणं थांबलंच नाही

मंडळी, गेल्या रविवारी इथंच फुशारकी मारली होती. वडिलांच्या, म्हणजे आप्पांच्या, जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला कॉम्प्युटर जोडला, इंटरनेट रेडिओ लावला, आता कॅसेट उलटायला उठायची कटकट संपली! तुम्ही शाबासकीही दिलीत.

आज पहाटे रेडिओ लावून मी कागलच्या एमआयडीसीत फर्स्ट शिफ्टला गेलो. आप्पा घरी एकटेच. आठच्या सुमाराला ते बाथरूमच्या दारात घसरून पडले, खुबा मोडला. दुपारी मी आलो तेव्हा फरशीवरच होते. हाका मारून घसा बसलेला.

शेजारच्या अक्कांवर मी भडकलो. "एवढ्या हाका मारल्या, तुम्हाला ऐकू आलं न्हाय?"

अक्का रडायलाच लागल्या. "गाणं चालू हुतं की रं! आप्पा अर्ध्या तासानं कॅसेट उलटायचे. थांबून परत सुरू झाली की मला कळायचं, आप्पा बरे हायत. एकदा सुरू झाली न्हाय, तवा मीच पळत आलते. तापानं फणफणलेले."

हे मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

आप्पांना दवाखान्यात ठेवून कपडे न्यायला घरी आलो, तर रिकाम्या घरात गाणं चालूच. तुमच्या घरी मागं कोण एकटं असतं? ते बरं आहे हे शेजाऱ्यांना कशावरून कळतं?

हे लिहायला बसताना गाणं बंद केलं. पाच मिनिटांत अक्का दारात, धापा टाकत.

"गाणं का थांबलं रं? दवाखान्यात आप्पा बरे हायत न्हवं?"